रीस्टार्ट दिलं की काळा पडदा, शट डाउन मात्र सुरळीत: फॉरमॅट न करता उपाय हवाय

लष्करवाली (ग्वाल्हेर):

नमस्कार मंडळी. मी ग्वाल्हेरला लष्कर भागात राहते, बाड्यापासून जवळच. प्रश्न संगणकाचा आहे, पण तो कशाला लागतो ते आधी सांगते. नाहीतर पहिलंच उत्तर "फॉरमॅट मारा" असं येईल, आणि ते मला नकोय.

माझे सासरे गाणं शिकवायचे. ग्वाल्हेर घराण्याची तालीम, बाहेरच्या खोलीत शिकवणी. नानांनी वर्षानुवर्षं कॅसेटी भरून ठेवल्यात: शिष्यांची तालीम, गणपतीतली गाणी, कोणाकोणाच्या घरच्या बैठका. आतल्या कागदावर त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, "यमन, विलंबित, तिलवाडा. मागे तराणा, अर्धा राहिला." नाना गेले, कॅसेटी राहिल्या, आणि आता फितीही जायला लागल्यात. काहींवर पांढरी बुरशी आहे. काही वाजवल्या की डेकच्या हेडवर तपकिरी भुकटी बसते आणि पाच-दहा मिनिटांत आवाज दबतो. अशी कॅसेट पुन्हा पुन्हा लावता येत नाही. एकदा नीट उतरली तर उतरली.

डेकमधून वायर एका यूएसबी ऑडिओ इंटरफेसला जाते (राखाडी रंगाचा छोटा डबा आहे, पुढे दोन गोल बटणं), तिथून संगणकाला, आणि ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या प्रोग्राममध्ये रेकॉर्डिंग होतं. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. ९० मिनिटांची कॅसेट दीड जीबीच्या घरात जाते.

संगणक २०१९ मध्ये जुळवून घेतलेला आहे. आय-फाइव्ह, आठव्या पिढीचा, १६ जीबी रॅम, विंडोजसाठी एसएसडी आणि रेकॉर्डिंगसाठी वेगळी २ टीबीची हार्ड डिस्क. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्या सुमारास भाच्याने विंडोज ११ टाकून दिलं.

आता तक्रार. रीस्टार्ट दिलं की "रीस्टार्टिंग" असं लिहून गोल फिरत राहतो. चांगला काही मिनिटं फिरतो. मग एकदम काळा पडदा, वर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजी मजकूर, खाली टक्के वाढतात, आणि वाचून होईपर्यंत मशीन आपलं आपण पुन्हा सुरू होतं. त्यानंतर सगळं ठीक. रेकॉर्डिंग करताना कधी अडकलं नाही, दीड दीड तास चालतं. शट डाउन दिलं तर पटकन बंद होतं, सकाळी पटकन सुरू होतं. फक्त रीस्टार्टला ही गत.

हे ११ टाकल्यापासून आहे का, तेही सांगता येत नाही, कारण रोजच्या कामात मी रीस्टार्ट देतच नाही. विंडोजच्या अपडेटने मागितलं तेव्हा लक्षात आलं. अपडेटही पुरं होत नाही, परत सुरू झाल्यावर "बदल मागे घेत आहोत" अशा अर्थाचं काहीतरी येतं.

एका दुकानात दाखवलं. तिथे म्हणाले, "भाभीजी, स्क्रीन काली हो रही है मतलब ग्राफिक्स कार्ड गया." दुसऱ्याने तर न उघडताच फॉरमॅट सांगितला. मशीन तापत असेल असंही एक जण म्हणाला, पण बाहेर जानेवारीचं धुकं आहे, खोलीत शाल पांघरून बसते मी. तापण्याचा प्रश्न वाटत नाही.

रेकॉर्डिंगच्या हार्ड डिस्कला धोका आहे का? आणि सुरुवात कुठून करू? मला संगणकाची भीती वाटत नाही, सांगाल ते करून बघेन. फक्त पायरी पायरीने सांगा.

---

पेटीमास्तर७:

ताई, आधी रॅम काढून तिची सोनेरी पट्टी खोडरबराने हलक्या हाताने पुसा आणि परत घट्ट बसवा. आमच्याकडे निम्म्या तक्रारी त्यानेच जातात. नाही गेली तर एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, बदलून बघा. २०१९ चा आहे म्हणजे त्याचंही वय झालं. आणि हो, मशीनला यूपीएस आहे ना? लाईट जाण्या-येण्याने फार नुकसान होतं.

---

मल्हारगंजचा (इंदूर):

ताई, काहीही विकत घेऊ नका आणि फॉरमॅटही करू नका. तुमच्या लिहिण्यातच अर्धं निदान आहे: शट डाउन होतं, रीस्टार्ट होत नाही.

शट डाउन करून परत चालू करणं म्हणजेच रीस्टार्ट, असं जवळजवळ सगळे धरून चालतात. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं तेव्हापासून ते तसं राहिलेलं नाही. त्यात "फास्ट स्टार्टअप" आलं, आणि बहुतेक मशीनवर ते आपोआप चालूच असतं. त्यात शट डाउन दिलं की तुमचे प्रोग्राम बंद होतात, तुम्ही लॉग ऑफ होता, पण विंडोजचा गाभा आणि त्यात चढलेले ड्रायव्हर (एकेक उपकरण चालवणारे छोटे प्रोग्राम) जसेच्या तसे एका फाइलमध्ये लिहून ठेवले जातात. सकाळी बटण दाबलं की तेच उचलून मेमरीत आणलं जातं. म्हणून तर ते इतकं पटकन सुरू होतं. रीस्टार्टमध्ये असं काही ठेवलं जात नाही. प्रत्येक ड्रायव्हरला निरोप जातो की तुझं उपकरण बंद कर, गाभा पूर्ण मिटतो आणि सगळं नव्याने चढतं. एखादा ड्रायव्हर त्या निरोपाला उत्तरच देत नसेल तर विंडोज वाट बघत थांबतं. तुमचा गोल फिरतो ना, बहुधा ती हीच वाट बघणं. मुदत संपली की विंडोज स्वतःच सगळं थांबवतं आणि पडदा दाखवतं.

काळ्या रंगाने घाबरू नका. तो आपला जुना निळा पडदाच आहे. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्टने २०२५ साली त्याचा रंग काळा केला आणि तो उदास चेहराही काढून टाकला. दुकानदाराने हे बघितलेलं नसावं. पडद्यावर अक्षरं उमटतात, टक्के मोजले जातात, म्हणजे चित्र व्यवस्थित येतंय.

पेटीमास्तर, एसएमपीएसबद्दल माझं मत वेगळं आहे. तो दगा देतो तेव्हा मशीन फटकन बंद पडतं, मजकूर दाखवायला त्याला उसंतच मिळत नाही. आणि ताईंचं मशीन दीड तास सलग रेकॉर्डिंग करतंय. रॅम खराब असती तरी ती फक्त रीस्टार्टचा मुहूर्त साधून बिघडली नसती. यूपीएसचं मात्र तुमचं अगदी बरोबर.

आता पायरी पायरीने. सगळ्यात आधी आजवरची सगळी रेकॉर्डिंग्ज एका बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा. बिघाड कुठलाही असो, याच्याशिवाय पुढे जाऊ नका. त्या फिती परत वाजणार नाहीत असं तुम्हीच लिहिलंय.

मग तो मजकूर वाचायला हवा. स्टार्टच्या शोधखिडकीत "ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज" शोधा, "स्टार्टअप अँड रिकव्हरी"च्या खालचं सेटिंग्जचं बटण दाबा, आणि "ऑटोमॅटिकली रीस्टार्ट" वरची टिक काढा. आता पडदा आला की तिथेच थांबेल. मोबाइलने फोटो काढा. "स्टॉप कोड" लिहिलेली ओळ मला हवी. फोटो काढून झाल्यावर बटण दाबून धरून मशीन बंद करा, चालू करा, आणि सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरात "मिनिडंप" नावाचं फोल्डर आहे का ते बघा. प्रत्येक वेळी कोसळताना विंडोज तिथे एक छोटी फाइल टाकून ठेवतं.

---

लष्करवाली:

किती नीट सांगितलंत! म्हणजे तंबोऱ्याच्या तारा न उतरवता नुसती गवसणी घालून ठेवायची, ते शट डाउन. आणि सगळ्या तारा उतरवून परत पहिल्यापासून जुळवायच्या, ते रीस्टार्ट. आता माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

रेकॉर्डिंग्ज काल रात्रीच कॉपी झाली, डिस्क कपाटात आहे.

पडद्यावरचा स्टॉप कोड: ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर.

मिनिडंप फोल्डरात बऱ्याच फाइली आहेत. भाच्याने फोनवरून सांगितलं म्हणून ब्लूस्क्रीनव्ह्यू नावाचा छोटा प्रोग्राम घेऊन त्या उघडल्या. प्रत्येकीत एकच नाव लाल पट्टीत येतं, "एनटीओएसकर्नल". भाचा म्हणतो हे विंडोजचंच आहे, म्हणजे विंडोजच बिघडलंय, म्हणजे नव्याने टाकावं लागेल. फिरून परत फॉरमॅटवरच आलो. खरंच तसं आहे का?

---

मल्हारगंजचा:

नाही, तसं नाही. बरं झालं विचारलंत, कारण इथेच पुष्कळ लोक वाट चुकतात आणि चांगलं विंडोज पुसून टाकतात.

एनटीओएसकर्नल हा विंडोजचा गाभा. "आता थांबा" असं ओरडणारा तोच, म्हणून नाव त्याचं दिसतं. ओरडला म्हणून दोष त्याचा ठरत नाही. तुमचा स्टॉप कोड, ज्याला आकड्यात ९एफ म्हणतात, तो तर सरळ सांगतोय की कुठल्या तरी ड्रायव्हरने बंद होण्याच्या किंवा जागं होण्याच्या निरोपाला वेळेत उत्तर दिलं नाही. कुठला, एवढंच शोधायचंय. ब्लूस्क्रीनव्ह्यू या कोडच्या बाबतीत फार आत जात नाही.

माझा संशय त्या राखाडी डब्यावर आहे. ऑडिओ इंटरफेस, यूएसबी वायफाय, यूएसबी-सिरीयल वायर, जुने स्कॅनर, ही या कोडची नेहमीची मंडळी. यांचे ड्रायव्हर कंपनी स्वतः लिहिते, आणि बरेचदा ते जुन्या विंडोजच्या काळातले असतात.

तपासायला सोपं आहे. मशीन बंद असताना डबा काढा. चालू करा, एकदा रीस्टार्ट द्या. या पहिल्या वेळी काय होतं ते मोजू नका. नंतर परत रीस्टार्ट द्या आणि काय होतं ते लिहा.

दुसरी चाचणी जास्त पक्की आहे, पण आधीच सांगून ठेवतो, बघताना धसका बसेल. डबा परत लावा. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, "चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू" इथे जा, वरची निळी ओळ दाबा म्हणजे खालचे पर्याय उघडतील, आणि "टर्न ऑन फास्ट स्टार्टअप" ची टिक काढा. आता शट डाउन द्या. माझा अंदाज खरा असेल तर इतके दिवस बिनतक्रार होणारं शट डाउनसुद्धा तसंच अडकेल. मशीन आणखी बिघडलं असं वाटेल, पण तसं नाही. दुखणं आधीपासूनच होतं, फास्ट स्टार्टअपने ते झाकून ठेवलं होतं.

आणि नाव हवंच असेल तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून "विनडीबीजी" घ्या, फुकट आहे. त्यात मिनिडंपमधली शेवटची फाइल उघडा. मजकुरात निळ्या अक्षरांत "ॲनालाइझ" अशी एक लिंक दिसेल, ती दाबा. थोडा वेळ लागेल, पहिल्यांदा इंटरनेटवरून बरंच काही आणतं ते. मग खाली सरकत "इमेज नेम" शोधा.

---

रावपुरा_बडोदे:

मध्येच लिहितो, पण उपयोगी पडेल. माझ्याकडे हुबेहूब हेच झालं होतं, फरक इतकाच की यूएसबी वायफायचा डोंगल होता. मी तो काढून फेकला तरी ड्रायव्हर आत तसाच राहिला, आणि पुढे भावाने दुसरा डोंगल लावला तेव्हा त्यालाही विंडोजने तोच जुना ड्रायव्हर जोडला. परत तेच. म्हणून नुसतं उपकरण काढणं पुरत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये "व्ह्यू" मेनूत "शो हिडन डिव्हाइसेस" करा. आता जोडलेली नसलेली जुनी उपकरणं फिकट दिसतील. त्यावर उजवं क्लिक, अनइन्स्टॉल, आणि ड्रायव्हरही काढून टाकण्याची चौकट येईल तिथे टिक लावायला विसरू नका. ती टिकच महत्त्वाची.

---

लष्करवाली:

दोन्ही चाचण्या झाल्या.

डबा काढून: रीस्टार्ट एका मिनिटाच्या आत, काळा पडदा नाही. खात्रीसाठी दिवसभरात पुन्हा पुन्हा देऊन बघितलं, एकदाही अडकलं नाही.

डबा लावून आणि फास्ट स्टार्टअप बंद करून: शट डाउन दिलं आणि गोल फिरायला लागला. तुम्ही आधी सांगितलं होतं म्हणून मी शांतपणे चहा करायला गेले. परत आले तर काळा पडदा, तोच कोड. सांगितलं नसतं तर त्याच पावली दुकानात नेलं असतं.

विनडीबीजीत "इमेज नेम" समोर एक फाइल आली, तिच्या नावात डब्याच्या कंपनीचीच अक्षरं आहेत. कंपनीच्या साइटवर बघितलं, या मॉडेलचा ड्रायव्हर विंडोज १० पर्यंतचाच आहे, त्यानंतर काही नाही.

आता अडचण अशी की डबा बदलायची माझी तयारी नाही. त्याचा आवाज फार स्वच्छ आहे, तंबोऱ्याची जवार जशीच्या तशी उतरते. याआधी डेकची वायर थेट संगणकाच्या मागच्या भोकात लावून बघितली होती. त्यात मागे सतत घूं असा आवाज यायचा, विलंबितात तर तो गाण्यापेक्षा पुढे यायचा. डबा ठेवून काही करता येईल का?

---

मल्हारगंजचा:

येईल, आणि सोपं आहे. बहुधा तुम्हाला कंपनीच्या ड्रायव्हरची गरजच नाही.

एप्रिल २०१७ च्या विंडोज १० अपडेटपासून, म्हणजे आवृत्ती १७०३ पासून, विंडोजमध्ये यूएसबी ऑडिओ २ चा स्वतःचा ड्रायव्हर आहे. यूएसबी ऑडिओचं ठरलेलं मानक पाळणारा कुठलाही डबा त्याच्यावर चालतो. तुमचा पाळतो का ते कळायला त्याचं माहितीपत्रक बघा. मॅकवर किंवा आयपॅडवर ड्रायव्हर न टाकता चालतो असं लिहिलं असेल तर जवळजवळ नक्की चालेल.

कंपनीचा ड्रायव्हर लागतो तो मुख्यतः एएसआयओसाठी, म्हणजे आवाज जवळजवळ विनाविलंब आत-बाहेर नेण्याच्या पद्धतीसाठी. गाताना स्वतःचा आवाज त्याच क्षणी कानात हवा असतो, सोबत ट्रॅक वाजत असतात, अशा स्टुडिओच्या कामाला. तुम्ही कॅसेट उतरवताय. आवाज संगणकात पोचायला क्षणाचा उशीर झाला तरी रेकॉर्डिंगमध्ये त्याने काही फरक पडत नाही. शिवाय ऑडॅसिटी ३ ची जी तयार आवृत्ती आपण उतरवून घेतो तिच्यात एएसआयओ नसतंच. म्हणजे तुमच्या कामात तो कधी वापरलाच गेला नाही.

डबा काढा. सेटिंग्जमधल्या "इन्स्टॉल्ड ॲप्स" मधून कंपनीचा प्रोग्राम काढा. मग रावपुरा यांनी सांगितलंय तसं लपलेलं उपकरण ड्रायव्हरसकट काढा. त्यांची ती टिक लावण्याची सूचना लाखमोलाची आहे. रीस्टार्ट द्या, आणि त्यानंतरच डबा लावा. विंडोज स्वतःचा ड्रायव्हर जोडेल.

एक काळजी नक्की घ्या. ऑडॅसिटीत होस्ट (विंडोजकडून आवाज कुठल्या मार्गाने घ्यायचा ते) "एमएमई" असेल तर तो बदलून "विंडोज वासापी" करा. एमएमईवर प्रोजेक्ट २४ बिटचा दिसला तरी आवाज आत येताना १६ बिटचाच येतो, आणि ते ऑडॅसिटी तुम्हाला सांगत नाही. विंडोजच्या साउंड सेटिंग्जमध्ये त्या डब्याचा फॉरमॅटही २४ बिट, ४८००० हर्ट्झ करून ठेवा. खऱ्या फितीला हात लावण्याआधी एखादी बाजारातली कॅसेट पूर्ण उतरवून बघा.

---

पेटीमास्तर७:

वाचतोय. ड्रायव्हरचं हे असं असतं हे मला ठाऊक नव्हतं, दुकानात सांगेन मुलांना. ताई, फितींवरच्या बुरशीसाठी एक सुचवतो: तशी कॅसेट लावण्याआधी आणि नंतर डेकचं हेड आणि रबरी चाक साफ करत जा. हेडला आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन. नाहीतर एका कॅसेटची बुरशी दुसरीला लागते.

---

लष्करवाली:

झालं! कंपनीचा ड्रायव्हर गेला, डबा विंडोजच्या ड्रायव्हरवर लगेच चालला. डबा लावलेला ठेवून रीस्टार्ट दिलं, नीट झालं. शट डाउन नीट होतं. अडकलेलं अपडेटही एकदाचं बसलं.

वासापीचं सांगितलंत ते किती बरं झालं. माझ्याकडे एमएमईच होतं. बाजारातली एक कॅसेट आधी पूर्ण उतरवली, मग नानांची जौनपुरीची लावली. शांत जागी मागची खरखर तेवढी फितीचीच आहे, बाकी काही नाही. पेटीमास्तर, हेड आधी पुसून घेतलं, कापूस तपकिरी झाला होता.

दोन शंका राहिल्यात. फास्ट स्टार्टअप परत चालू करू का? सकाळी सुरू व्हायला आता किंचित जास्त वेळ लागतो. आणि तो ड्रायव्हर आपणहून परत तर येणार नाही ना?

---

मल्हारगंजचा:

फास्ट स्टार्टअप बंदच राहू द्या. एसएसडीवर फरक काही सेकंदांचा आहे, आणि आता तुमचं शट डाउन म्हणजे खरंच शट डाउन झालंय. उद्या दुसऱ्या कुठल्या ड्रायव्हरने असं केलं तर त्याच रात्री कळेल, अपडेटच्या ऐनवेळी नाही. "ऑटोमॅटिकली रीस्टार्ट" ची टिकही काढलेलीच असू दे, म्हणजे पडदा आलाच तर वाचायला मिळेल.

ड्रायव्हर परत येऊ शकतो, पण सहसा तुम्ही होकार दिला तरच. विंडोज अपडेटमध्ये "ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स", त्यात "ऑप्शनल अपडेट्स", त्यात ड्रायव्हरांची यादी असते. तिथे डब्याच्या कंपनीचं नाव दिसलं तर टिक लावू नका. आणि तरीही कधी रीस्टार्ट अडकलंच, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये डब्यावर दोनदा क्लिक करून "ड्रायव्हर" टॅब उघडा आणि "प्रोव्हायडर" समोर मायक्रोसॉफ्ट आहे की दुसरं कोणी, एवढं आधी बघा.